यहुदी विवाहातील सप्त स्तुतिवचने व त्यांचे अर्वाचीन पाठभेद

विवाहविधीतील परंपरागत वचने काळाप्रमाणे बदलता येतात किंवा नाही, आणि बदलल्यास त्यांचे मूळचे पावित्र्य कायम राहते किंवा नाही, हा प्रश्न प्रत्येक प्राचीन धर्मसमाजास केव्हा ना केव्हा पडतोच. यहुदी समाजात त्याची चर्चा गेली दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. तेथे वादाच्या केंद्रस्थानी विवाहमंडपाखाली म्हणावयाची सात वचने आहेत. त्यांचा मूळ पाठ कसा बनला, तो पाठ बदलण्याविषयी जुन्या धर्मशास्त्रकारांनी कोणती कसोटी सांगितली, आणि अर्वाचीन काळी झालेले फेरफार त्या कसोटीस कितपत उतरतात, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाचाही या इतिहासाशी एके ठिकाणी प्रत्यक्ष संबंध येतो. तो अखेरीस सांगितला आहे, कारण त्यावाचून या प्रश्नाचा निकाल अपुरा राहील.

१. मूळ पाठ व त्याचा क्रम

या वचनांस हिब्रू भाषेत 'शेवा बेराखोत' असे म्हणतात. 'शेवा' म्हणजे सात. 'बेराखा' या शब्दाचे भाषांतर सामान्यतः 'आशीर्वाद' असे करतात. परंतु त्यामुळे मराठी वाचकाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. आपल्या मंगलाष्टकांचा रोख वधूवरांकडे असतो. त्यांचे मंगल होवो, अशी ती मागणी असते. यहुदी वचनांचा रोख मुख्यतः ईश्वराकडे असतो. ज्याने हे निर्मिले तो धन्य होय, असा त्यांचा घाट आहे. वधूवरांचे नाव त्यांत येते ते त्या स्तुतीच्या ओघात. म्हणून पुढील विवेचनात 'स्तुतिवचन' हाच शब्द वापरला आहे.

यहुदी विवाहाचे मूळचे दोन भाग आहेत. पहिल्यास 'एरुसिन' किंवा 'किद्दुशिन' म्हणतात. त्यात दोन साक्षीदारांसमक्ष वर वधूस अंगठी देतो व मोशे आणि इस्राएल यांच्या धर्मनियमानुसार ती आपणास समर्पित झाली, असे उच्चारतो. हा केवळ साखरपुडा नव्हे. तो मोडावयाचा झाल्यास रीतसर घटस्फोटपत्र द्यावे लागते. दुसरा भाग 'निस्सुइन', म्हणजे वधूचे छत्राखाली, 'हुप्पा'खाली, येणे. प्राचीन काळी या दोहोंत बारा महिन्यांपर्यंत अंतर असे. पुढे मध्ययुगात, बाराव्या शतकाच्या सुमारास, दोन्ही भाग एकाच दिवशी करण्याची चाल पडली, व त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून मध्ये 'केथुबा', म्हणजे विवाहाचा करारलेख, वाचू लागले. सात स्तुतिवचने या दुसऱ्या भागातली होत. ती द्राक्षासवाचा प्याला हाती घेऊन म्हणतात; आणि विवाहानंतर सात दिवस, भोजनास नवीन पाहुणे आले असता, भोजनोत्तर पुन्हा म्हणतात.

वचनांचा आशय क्रमाने येणेप्रमाणे आहे. पहिले द्राक्षफलाच्या निर्मात्याविषयी. दुसऱ्यात सर्व काही ईश्वराच्या गौरवासाठी निर्माण झाले, असे म्हटले आहे. तिसऱ्यात मानवाच्या निर्मात्याची स्तुती आहे. चौथ्यात मानव ईश्वराच्या प्रतिमेप्रमाणे घडला व त्याच्यापासूनच चिरंतन टिकणारी वंशरचना सिद्ध झाली, असा भाव आहे. पाचव्यात एकाएकी दृश्य पालटते: वांझ स्त्री आपली लेकरे परत आलेली पाहून आनंदित होवो. ही स्त्री म्हणजे सियोन, अर्थात् उजाड झालेले यरुशलेम नगर होय. ही कल्पना यशया भविष्यवाद्याच्या ग्रंथातून आली आहे. सहाव्यात, एदेन उद्यानात आदिमानवास जसा आनंद दिला तसा या प्रेमळ सोबत्यांस दे, अशी प्रार्थना आहे. सातवे सर्वांत मोठे. त्यात आनंद, प्रीती, बंधुभाव, शांती, मैत्री अशा शब्दांची माळच गुंफली आहे. आणि यहूदाच्या नगरांत व यरुशलेमच्या रस्त्यांत वरवधूंचा आनंदस्वर लवकरच पुन्हा ऐकू येवो, ही यिर्मयाच्या तेहतिसाव्या अध्यायातील आशा त्यात ग्रथित केली आहे.

हा क्रम लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. सृष्टी, मानव, युगुल, उद्ध्वस्त नगर व पुन्हा युगुल, असा तो आहे. दोन सामान्य माणसांचे लग्न जगाच्या आरंभाशी आणि राष्ट्राच्या पुनरुद्धाराशी बांधून टाकणे, हे या रचनेचे मर्म होय. अर्वाचीन फेरफार बहुतांशी या साखळीच्या एखाद्या कडीवरच झालेले आहेत.

२. संख्येविषयीचा जुना मतभेद

हा पाठ आरंभापासून आजच्यासारखाच ठाम होता, असे समजण्याचे कारण नाही. 'तोबित' या नावाच्या जुन्या यहुदी कथाग्रंथाच्या आठव्या अध्यायात विवाहरात्री वर जी प्रार्थना करतो तीत आदाम व हव्वा यांचा उल्लेख आहे. या ग्रंथाचे अरामी व हिब्रू तुकडे मृतसमुद्राजवळील कुमरान येथे सापडले आहेत. म्हणजे लग्नप्रसंगी आद्य दांपत्याचे स्मरण करण्याची प्रथा इसवी सनापूर्वीची आहे, एवढे यावरून दिसते. परंतु सात वचनांचा त्यात मागमूस नाही.

वचनांचा पाठ प्रथम आढळतो तो बाबिलोनी तालमूदातील 'केथुबोत' प्रकरणात, सातव्या-आठव्या पत्रांवर. तेथे द्राक्षासवाचे वचन नाही. म्हणून संख्या सहाच भरते. आणि सहांविषयीही एकमत नाही. लेवी नावाचा आचार्य यहूदा हन्नासी याच्या घरी त्याच्या पुत्राच्या लग्नास गेला असता त्याने पाचच वचने म्हटली. उलट रव अस्सी हा रव अशीच्या घरच्या लग्नात सहा वचने म्हणाला, असे दोन्ही वृत्तांत शेजारीशेजारी दिले आहेत. मतभेदाचे कारण मोठे मार्मिक आहे. उत्पत्तिग्रंथात मानवाच्या निर्मितीचे वर्णन दोनदा येते. तेव्हा निर्मिती एक मानावी की दोन, आणि ईश्वराचा संकल्प मोजावा की प्रत्यक्ष कृती मोजावी, यावर मानवनिर्मितीची वचने एक की दोन हे ठरते. फ्रान्समधील थोर भाष्यकार राशी (१०४०–११०५) याने आणखी असे सांगितले आहे की, सर्व काही ईश्वराच्या गौरवासाठी निर्माण झाले हे वचन मूळ विवाहक्रमातले नसून, लग्नास जमलेल्या मंडळीच्या गौरवार्थ आहे.

सहाव्या व सातव्या वचनांच्या समाप्तीतही एक सूक्ष्म भेद आहे. एकात 'वर आणि वधू' यांस आनंदविणारा, तर दुसऱ्यात 'वधूसह वरास' आनंदविणारा, असे शब्द आहेत. राशीच्या मते पहिल्याचा अर्थ दोघांसही जन्मभर सुखसमृद्धी लाभो असा, व दुसऱ्याचा अर्थ एकास दुसऱ्याच्या योगाने आनंद होवो असा. 'आणि' व 'सह' या दोन अव्ययांवर जो समाज इतका विचार करतो त्याला पाठबदल ही क्षुल्लक बाब वाटणे शक्य नाही.

कैरो येथील बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या 'गेनीझा'त, म्हणजे जीर्ण लेख ठेवण्याच्या कोठडीत, सापडलेले हस्तलिखितांचे तुकडे सॉलोमन शेख्तर याने १८९६–९७ साली केंब्रिजला नेले. त्यांत विवाहप्रसंगीची पद्ये व पॅलेस्टाइनी परंपरेचे केथुबाही आहेत. या केथुबांपैकी काहींत विवाहास 'भागीदारी' असा शब्द योजिलेला असून पतीप्रमाणे पत्नीचीही कर्तव्ये व हक्क सांगितले आहेत. हा शब्द पुढे विसाव्या शतकात पुन्हा डोके वर काढतो, हे आपण पाहूच.

३. 'नाण्या'ची कसोटी

पाठ ठरत गेला तसा तो बदलण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न उभा राहिला. तालमूदाच्या 'बेराखोत' प्रकरणात याविषयी दोन परस्परविरुद्ध मते आहेत. रब्बी मेईर म्हणतो की, एखाद्याने भाकरी पाहून आपल्याच शब्दांत तिच्या निर्मात्यास धन्य म्हटले, तरी त्याचे कर्तव्य पार पडले. रब्बी योसे म्हणतो की, आचार्यांनी स्तुतिवचनांवर जो छाप मारला तो ज्याने बदलला त्याचे कर्तव्य पार पडले नाही. येथे 'छाप' या अर्थी जो हिब्रू शब्द आहे, 'मत्बेआ', त्याचाच अर्थ नाणे असाही होतो. रूपक अगदी योग्य आहे. टांकसाळीबाहेर पाडलेले नाणे चांदीचे असले तरी बाजारात चालत नाही.

या वादाचा व्यवहार्य निकाल बाराव्या शतकात मोशे बेन मैमोन, अर्थात् मायमोनिडीस (मृत्यू १२०४), याने आपल्या 'मिश्ने तोरा' या धर्मसंहितेत दिला. आचार्यांचा पाठ बदलणे योग्य नव्हे, हे तो स्पष्ट सांगतो. परंतु कोणी बदललाच, तर त्यात ईश्वराचे नाव, त्याचे राजत्व व प्रस्तुत विषय या तीन गोष्टी आल्या असल्यास कर्तव्य पार पडले, मग ते वचन लोकभाषेत का म्हटलेले असेना, असा त्याचा निर्णय आहे. याच ग्रंथाच्या विवाहप्रकरणात दुसरा एक महत्त्वाचा निर्णय आहे. विवाह सिद्ध होतो तो हुप्पाप्रवेशाने. स्तुतिवचनांनी तो सिद्ध होत नाही.

या दोन निर्णयांचा मिळून परिणाम असा की, सात वचने विवाहाच्या वैधतेचा आधार नाहीत, तरी विवाहाचा अर्थ काय हे सांगणारी तीच आहेत. अंगठी व साक्षीदार यांनी कायदा पूर्ण होतो; अर्थ मात्र वचनांत राहतो. अर्वाचीन सुधारकांनी वचनांस हात घालण्याचे धैर्य केले याचे एक कारण हेच असावे, आणि त्यांतील पुष्कळांनी अंगठीचा विधी टाकूनही वचने टाकली नाहीत याचेही कारण हेच असावे.

४. एकोणिसाव्या शतकातील फेरफार

पहिली लाट जर्मनीतील सुधारणापंथाची व त्याच्या अमेरिकेतील शाखेची होय. नोव्हेंबर १८६९ मध्ये फिलाडेल्फिया येथे सुधारक रब्बींची परिषद भरली. वधूने विवाहात केवळ मौन धारण करून राहू नये, तिनेही वरास अंगठी देऊन समर्पणाचे शब्द उच्चारावेत, असे तीत ठरले. १८७१ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील परिषदेनेही वधूस तशी मोकळीक दिली.

स्तुतिवचनांच्या बाबतीत या पंथाची अडचण वेगळी होती. आपण जर्मनीचे किंवा अमेरिकेचे नागरिक आहोत, यरुशलेमला परतण्याची आशा आपण बाळगीत नाही, असे त्यांचे म्हणणे होते; १८८५ च्या पिट्सबर्ग येथील जाहीरनाम्यात ते स्पष्ट शब्दांत नमूद आहे. अर्थात् परतणाऱ्या लेकरांचे पाचवे वचन व यरुशलेमच्या रस्त्यांचे सातवे वचन त्यांस खटकू लागले. या पंथाच्या विवाहपद्धतींत पुष्कळ ठिकाणी सात वचनांचा संक्षेप झाला व उरलेला भाग लोकभाषेत आला.

परंतु इतिहासाचा ओघ पुढे फिरला. १९३७ च्या कोलंबस येथील जाहीरनाम्यात याच पंथाने पॅलेस्टाइनातील यहुदी गृहभूमीच्या उभारणीस साह्य करणे हे सर्व यहुद्यांचे कर्तव्य मानले. मधल्या काळात युरोपातील यहुद्यांवर कोसळू लागलेले संकट व पुढे झालेला त्यांचा संहार, आणि १९४८ साली स्थापन झालेले इस्राएल राष्ट्र, यांमुळे जो आशय कालबाह्य म्हणून गाळला होता तोच पुन्हा जिवंत झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुधारणापंथी विवाहांतही सातही वचने हिब्रूत म्हणण्याची रीत परत आली. ज्यांनी संक्षेप केला त्यांच्याच नातवंडांनी विस्तार केला. गाळलेला पाठ टाकून दिला नाही, जपून ठेवला, म्हणूनच हे शक्य झाले. पाठरक्षणाचा हा फायदा सुधारकांनीही लक्षात घेण्यासारखा आहे.

५. विसाव्या शतकातील फेरफार

दुसरी लाट स्त्रियांच्या अधिकाराची होय. १९३५ साली जर्मनीत रेगीना योनास हिला रब्बीपद मिळाले. ही पहिली स्त्री रब्बी. १९४४ मध्ये आउशविट्झ येथे तिची हत्या झाली. अमेरिकेत सुधारणापंथाने १९७२ साली सॅली प्रीसँड हिला, आणि मध्यममार्गी कॉन्झर्वेटिव्ह पंथाने १९८५ साली एमी आयलबर्ग हिला रब्बीपद दिले. यानंतर सात वचने स्त्रीच्या मुखातून विवाहमंडपात ऐकू येऊ लागली. सात मित्रमैत्रिणींनी एकेक वचन म्हणण्याची चालही रूढ झाली. येथे पाठ तसाच आहे, म्हणणारे बदलले. सनातन पंथात मात्र मंडपाखाली स्त्रियांनी वचने म्हणावीत की नाही, याविषयी अद्याप मतभेद आहेत. काही ठिकाणी हिब्रू वचन पुरुष म्हणतो व त्याचा अनुवाद स्त्री वाचते, अशी तडजोड दिसते.

पुढचा प्रश्न खुद्द शब्दांचा. हिब्रू ही लिंगभेदाच्या बाबतीत संस्कृतासारखीच काटेकोर भाषा आहे. क्रियापदासही लिंग असते. ईश्वरास 'तू धन्य' म्हणावयाचे तर पुल्लिंगी 'तू' वापरावा लागतो, आणि त्याला 'राजा' म्हणावे लागते. मार्शा फॉक या अमेरिकन कवयित्री व विदुषीने १९९६ च्या आपल्या स्तुतिवचनसंग्रहात हा साचाच मोडला. 'तू धन्य' याऐवजी 'आपण धन्य म्हणू या' असे उत्तमपुरुषी बहुवचन, व 'राजा'ऐवजी 'जीवनाचा झरा' अशी उपमा तिने योजिली. याच धर्तीवरचे पाठ विवाहातही येऊ लागले.

रेचल अॅडलर या विदुषीने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आणखी मूलगामी विचार मांडला. किद्दुशिन विधीत वर वधूस स्वीकारतो, म्हणजे तत्त्वतः संपादन करतो. हे संपादन आजच्या समतेच्या कल्पनेशी जुळत नाही, असे तिचे म्हणणे. तिने त्याऐवजी 'प्रियजनांचा करार' असा नवा विधी सुचविला व त्यास तालमूदातील भागीदारीच्या कायद्याचा आधार दिला. गेनीझातील जुन्या केथुबांतील 'भागीदारी' हा शब्द वर आलाच आहे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, अंगठीचे समर्पण बाजूस सारणाऱ्या या विधीतही सात स्तुतिवचनांचे स्थान कायम आहे.

२०१२ साली कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीने समलिंगी जोडप्यांच्या विवाहविधीचे नमुने मान्य केले. अशा प्रसंगी सातव्या वचनाच्या शेवटचे 'वधूसह वर' हे शब्द जसेच्या तसे चालत नाहीत. 'वरासह वर' किंवा 'वधूसह वधू' असा बदल करावा लागतो. सहाव्या वचनातील 'प्रेमळ सोबती' हा पुल्लिंगी अनेकवचनी प्रयोग दोन स्त्रियांच्या बाबतीत स्त्रीलिंगी करावा लागतो. दोन पुरुषांच्या बाबतीत मूळचाच चालतो. हा फेरफार सनातन पंथास सर्वथा अमान्य आहे. त्याच्या योग्यायोग्यतेचा निर्णय देण्याचे हे स्थळ नव्हे. पाठभेदाचा प्रकार म्हणून त्याची नोंद घेणे अवश्य आहे.

तिसरा प्रकार स्वतंत्र रचनेचा. सात ही संख्या ठेवून प्रेम, गृह, आरोग्य, औदार्य, हास्य अशा सात विषयांवर आप्तेष्टांनी आपापल्या शब्दांत शुभेच्छा द्यावयाच्या. अशा रचनांत पुष्कळदा ईश्वराचे नाव नसते, आदाम नसतो, सियोनही नसते. ज्या जोडप्यातील एकच व्यक्ती यहुदी आहे, किंवा ज्यांची ईश्वरावर श्रद्धा नाही, त्यांच्यात हा प्रकार विशेष आढळतो. यात स्तुतीचे पुन्हा आशीर्वादात रूपांतर झाले आहे. म्हणजे बेराखा मंगलाष्टकाच्या जवळ आली, असे म्हणावयास हरकत नाही.

६. ऊह आणि बाध

या सर्व फेरफारांची प्रतवारी लावण्यास आपल्याकडील मीमांसाशास्त्राच्या दोन संज्ञा उपयोगी पडतात. मूळ यज्ञाचा मंत्र विकृतियागात नेताना देवतेचे नाव, लिंग किंवा वचन प्रसंगास जुळेल असे बदलणे यास 'ऊह' म्हणतात. जैमिनीच्या नवव्या अध्यायाचा तो विषय आहे. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाची जी प्रयोजने सांगितली त्यांतही ऊह आहे: वेदात मंत्र सर्व लिंगांत व सर्व विभक्तींत पठित नाहीत, यज्ञ करणाराने ते यथायोग्य पालटावयाचे असतात, आणि अवैयाकरणास ते साधत नाही. याच्या उलट, मूळ अंगाचे प्रयोजनच उरले नसल्यामुळे ते गळणे हा 'बाध'. तो दहाव्या अध्यायात येतो.

या दृष्टीने पाहता, 'वधूसह वर' याचे 'वधूसह वधू' करणे हा रूपाने ऊह होय. वाक्याचा सांगाडा तोच राहून लिंग तेवढे बदलते. सियोनची वचने गाळणे हा बाध होय. आणि प्रयोजन पुन्हा उत्पन्न होताच बाधित अंग परत आले, हेही त्या शास्त्रास धरूनच झाले. फॉकच्या पाठात ईश्वराचे राजत्व जाते, म्हणून मायमोनिडीसच्या तीन अटींपैकी एक तुटते. स्वतंत्र शुभेच्छांत नाम व राजत्व दोन्ही नसल्याने त्या कसोटीने त्या स्तुतिवचनेच ठरत नाहीत, मग त्या कितीही हृद्य असोत.

परंतु मीमांसकांनी आणखी एक गोष्ट निःसंकोचपणे सांगितली आहे. ऊहाने बदललेला शब्द हा मंत्र नव्हे. कारण तो परंपरेने पठित नाही. यज्ञास तो लागतो, त्यावाचून कर्म पुरे होत नाही, तरीही मंत्राची संज्ञा त्यास मिळत नाही. यहुदी सुधारकांपुढे नेमका हाच पेच आहे. जुने शब्द म्हणावेत तर ते आपल्या जोडप्यास लागू पडत नाहीत. नवे म्हणावेत तर पिढ्यान् पिढ्यांच्या मुखातून आलेले शब्द आपल्याही लग्नात उच्चारले गेले, हे समाधान हरपते. लग्न करणाऱ्या माणसास हे समाधान थोडे नसते. तेवढ्यासाठीच श्रद्धा नसलेली जोडपीदेखील हिब्रू पाठाचा आग्रह धरताना दिसतात.

इस्राएल राष्ट्रात या पेचास कायद्याचीही धार आहे. १९५३ च्या कायद्याने तेथील यहुदी नागरिकांचे विवाह व घटस्फोट सनातनी रब्बींच्या न्यायालयांकडे सोपविले आहेत. आपल्या मनाप्रमाणे पाठ व विधी ठरविणाऱ्या जोडप्याचा विवाह देशात नोंदला जात नाही. परदेशात झालेल्या विवाहाची नोंद करावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निर्णय असल्याने अनेक जण सायप्रससारख्या ठिकाणी जाऊन कायद्याचे लग्न लावतात, व घरी येऊन आप्तांसमक्ष आपल्या पसंतीचा पाठ म्हणतात.

७. बेने इस्राएलांचा दाखला

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की, पाठ शुद्ध ठेवला म्हणजे सर्व काही साधले. हे खरे नाही, याचा दाखला मराठी भाषा बोलणाऱ्या यहुद्यांच्या इतिहासात आहे.

कुलाबा जिल्ह्यातील गावोगावी तेलघाणे चालविणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखले गेलेले बेने इस्राएल पुढे मुंबईस आले. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी तेथे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठी अनुवादासह छापल्या जाऊ लागल्या; वल्हांडण सणाचा 'हग्गादा' मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली व पुण्यात १८७४ साली छापला गेला. मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू उपासनाग्रंथांची मराठी भाषांतरे करण्यात आयुष्य वेचले. या समाजाच्या लग्नात मेंदी आहे, एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, नारळ व फळे यांचा मलिदा आहे, आणि वधू येताना वराने तिच्या स्वागतार्थ हिब्रू गीत गाण्याची सुंदर रीत आहे. परंतु सात स्तुतिवचने ते हिब्रूत, सेफार्दी परंपरेच्या पाठाप्रमाणे म्हणतात. भोवतालचे आचार त्यांनी उचलले. पाठास हात लावला नाही.

असे असता १९४८ नंतर इस्राएलात गेलेल्या बेने इस्राएलांचे इतर यहुद्यांशी विवाह लावण्यास काही रब्बींनी नकार दिला. त्यांच्या पूर्वजांनी घटस्फोटाचे व पुनर्विवाहाचे नियम नीट पाळले नसतील, ही शंका त्याच्या मुळाशी होती. १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या काळात मुख्य रब्बीपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांस सूचना धाडल्या की, बेने इस्राएल वर किंवा वधू असल्यास तिच्या वंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. या सूचनांत एका समाजाचा नावानिशी उल्लेख होता. समाजाने निषेध मांडला. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमात धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या लोकसभेत यावर चर्चा होऊन, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत व त्यांच्यात आणि इतरांत भेद नाही, असे पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केले. त्यानंतर रब्बीपीठाने सूचनांतून समाजाचे नाव काढून टाकले.

येथे पाठभेद कोणताच नव्हता. लेकरे परत आलेली पाहून सियोन आनंदित होवो, हे पाचवे वचन कोकणातून परत आलेल्या लेकरांनी अक्षरशः जसेच्या तसे जपले होते. आणि परत आल्यावर त्यांनाच हुप्पाबाहेर उभे करण्यात आले.

८. उपसंहार

वरील सर्व पुराव्यावरून आमचा निष्कर्ष असा आहे. स्तुतिवचनांची संख्या व शब्द आरंभी अनिश्चित होते; ते परंपरेने ठरले; आणि अर्वाचीन काळी ते तीन प्रकारे बदलले, म्हणजे ऊहाने, बाधाने व स्वतंत्र रचनेने. यांपैकी पहिल्या दोन प्रकारांस जुन्या शास्त्रात थोडाबहुत आधार सापडतो. तिसरा त्या शास्त्राच्या कक्षेबाहेर जातो. परंतु पाठाची शुद्धता ही एकच कसोटी पुरत नाही, हे १९६२–६४ च्या प्रकरणाने दाखविले.

दुसरी कसोटीही तालमूदाच्या त्याच पानांवर आहे. ही वचने दहा जणांच्या उपस्थितीवाचून म्हणू नयेत, असा नियम तेथे आहे, व त्यास रूथच्या कथेत बोआजाने गावचे दहा वडीलधारे बसविल्याचा आधार दिला आहे. दोन साक्षीदारांनी विवाह कायदेशीर होतो. वचनांस मात्र समाज लागतो. नाण्यावरचा छाप टांकसाळीत बसतो खरा, पण ते चालते बाजारात, घेणारे हात असतील तर. नवा पाठ टिकेल की नाही, हे तो म्हणताना जमलेले लोक पुढच्या लग्नातही तोच म्हणतात की नाही, यावर ठरेल. आणि जुना पाठ सार्थ राहील की नाही, हे तो म्हणणारे मंडपाखाली कोणास येऊ देतात, यावर ठरेल. राशीने सर्व काही ईश्वराच्या गौरवासाठी हे वचन जमलेल्या मंडळीच्या गौरवार्थ मानले, त्यात हेच तात्पर्य साठविलेले आहे.